थंडीच्या तोंडावर सगळे छोटे पक्षी सारखेच का दिसायला लागतात?

दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर हा आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो, २०२० पासून तर सरकारी पातळीवर. ५ तारखेला अरण्यावर लिहिणाऱ्या मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस आणि १२ ला पक्षीतज्ज्ञ डॉ. सालीम अलींचा, म्हणून हा आठवडा. शाळांच्या सहली निघतात, दिवाळीची सुट्टी असते, नवीन दुर्बीण घेतलेली मंडळी पहाटे बाहेर पडतात, आणि दुपारपर्यंत सगळ्यांच्या मोबाईलवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "हा कोणता पक्षी? पुस्तकातल्या चित्राशी जुळत नाहीये."

जुळत नाही कारण पुस्तकातलं मोठं चित्र बहुतेक वेळा विणीच्या हंगामातल्या नराचं असतं, म्हणजे लग्नाच्या अल्बममधला नवरदेव. आणि आपल्यासमोर बसलेला असतो तोच माणूस, पण घरच्या कपड्यात, किंवा त्याचं पोरगं, किंवा त्याची बहीण. नवशिक्यांसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर हा पक्षी बघायचा सगळ्यात भारी काळ आणि ओळखायचा सगळ्यात अवघड काळ, दोन्ही एकदमच. हे असं का होतं आणि मग ओळखायचं कशावरून, ते आज नीट समजून घेऊ. बदकं, ससाणे, चिखलातले पाणपक्षी सगळं बाजूला ठेवून फक्त छोट्या गाणाऱ्या पक्ष्यांबद्दल बोलतोय, म्हणजे चिमणी, सुगरण, शिंजीर, धोबी, वटवट्या, माशीमार ही सगळी मंडळी.

आधी पिसांचं समजून घेऊ

पीस ही मेलेली वस्तू आहे, आपल्या नखासारखी किंवा केसासारखी. एकदा पूर्ण उगवलं की त्यात रक्त नाही, दुरुस्ती नाही. ऊन, पाऊस, काटे, घरट्यात दिवसातून शंभरदा आत-बाहेर करणं, या सगळ्यात ते झिजतं, कडा फाटतात, रंग उडतो. म्हणून ठराविक काळाने जुनी पिसं गळून नवीन यावीच लागतात. याला म्हणतात मोल्ट. सापाची कात एकदम निघते तसं हे होत नाही, डाव्या पंखातलं एक पीस गळलं की साधारण त्याच वेळी उजव्या पंखातलं तेच पीस गळतं, मग पुढची जोडी, असं हळूहळू चालतं, त्यामुळे उडणं बंद पडत नाही.

नवीन पिसं बनवायला खूप ताकद लागते. पिल्लं वाढवताना, हजारो किलोमीटर उडताना आणि पिसं बदलताना, तिन्ही खर्च एकाच महिन्यात कोणालाच झेपत नाहीत. त्यामुळे बरेच छोटे पक्षी वीण संपली की लगेच पिसं बदलतात. काही पाहुणे मात्र, जसा ब्लिथचा वटवट्या, जुन्याच फाटक्या पिसांवर आपल्याकडे येतात आणि इथे पोचल्यावर सावकाश बदलतात.

आता खरी गंमत ऐका, कारण फिक्या पोशाखामागे एक नाही तर तीन वेगवेगळी कारणं असतात आणि आपण ती एकत्र कालवतो.

पहिलं, काही पक्षी खरोखर दोन वेळा कपडे बदलतात. विणीचा भडक पोशाख वेगळा आणि नंतरचा साधा वेगळा. पैठणी ट्रंकेत गेली आणि रोजची साडी बाहेर आली असं. सुगरणीचा नर, जांभळा शिंजीर, धोबी हे यातले.

दुसरं कारण मला स्वतःला सगळ्यात आवडतं. काही पक्ष्यांमध्ये भडक रंग आत्ताही तिथेच असतो, फक्त झाकलेला असतो. नव्या पिसाच्या टोकाला फिकट तपकिरी किंवा राखाडी कड असते, पिसावर पीस रचलं गेलं की बाहेरून फक्त त्या कडाच दिसतात. पाटीवर खडूची पूड पसरली की पाटी पांढुरकी दिसते आणि हाताने पुसली की खालून काळी कुळकुळीत निघते ना, अगदी तसं. हिवाळाभर त्या कडा झिजत जातात आणि वसंतात आतला रंग बाहेर येतो, एकही नवीन पीस न उगवता. चिमण्याच्या गळ्याखालचा काळा डाग असाच उघडा होतो. गप्पीदासाच्या नराचं काळं डोकं असंच. आणि ज्वारीवर थवेच्या थवे उतरतात ती भोरडी, जिच्यामागे गोफण घेऊन आमच्या आधीच्या पिढ्या मचाणावर बसायच्या, तिचाही गुलाबी रंग हिवाळ्यात मळकट वाटतो आणि परत जायच्या वेळेला उजळ होतो.

तिसरं कारण साधं आहे, पोरंसोरं. उन्हाळ्यात-पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं आता एकटी हिंडायला लागलेली असतात, त्यामुळे वर्षभरात कुठल्याही वेळी नसतात इतके कोवळे पक्षी या दिवसांत असतात. त्यांचे कपडे आईसारखे किंवा आईहून फिके. भोरडीचंच पोर बघा, ना गुलाबी ना काळं, सगळं अंग वाळूच्या रंगाचं आणि चोच पिवळी, पहिल्यांदा बघणाऱ्याला ती भोरडी वाटतच नाही.

अंगणातला शिंजीर, जवळून

सुरुवात घरापासून करू. आमच्या दारात शेवगा आहे आणि ऑक्टोबरात त्याला फुलं लागली की शिंजीर येतातच. सलग तीन वर्षं मी वहीत लिहीत होतो, "शिंजीर मादी". एका सकाळी एक पक्षी खिडकीपासून हातभर अंतरावर येऊन उलटा लटकला आणि तेव्हा दिसलं, पिवळ्या पोटावर हनुवटीपासून खाली बरोबर मधोमध एक काळसर पट्टा, टाय बांधल्यासारखा. ऊन्हात मान वळवली तर त्या पट्ट्यात जांभळी-निळी चमक, आणि खांद्यावरही एक चमकता ठिपका. तो जांभळ्या शिंजिराचा नर होता, साध्या पोशाखातला. साधारण सप्टेंबर ते डिसेंबर तो असा असतो. माझ्या तीन वर्षांच्या नोंदी चुकीच्या होत्या आणि त्या आता दुरुस्त करता येत नाहीत, कारण मी फक्त नाव लिहिलं होतं, काय दिसलं ते लिहिलंच नव्हतं. ही गोष्ट मला आजही लागते, म्हणून पुढे परत सांगणार आहे.

मग मादी कशी ओळखायची? जांभळ्या शिंजिराची मादी गळ्यापासून खाली सगळी फिक्कट पिवळी. आपल्याकडे दुसरा नेहमीचा शिंजीर म्हणजे जांभळ्या पाठीचा, त्याच्या मादीचा गळा राखाडी-पांढरा आणि पिवळा रंग छातीपासून सुरू. म्हणजे नुसतं गळ्याकडे बघायचं. या दुसऱ्या जातीचा नर वर्षभर एकाच रंगाचा असतो, कपडे बदलतच नाही, त्यामुळे मधोमध काळा पट्टा दिसला तर त्याचं नाव यादीतून काढून टाकायचं. कोकणात आणि घाटाच्या बाजूला मात्र आणखी एकाचा विचार करावा लागतो, लोटनचा शिंजीर, त्याची चोच इतकी लांब आणि वाकडी असते की एकदा बघितली की विसरत नाही. चोचीचा आकार ऋतूप्रमाणे बदलत नाही हे महत्त्वाचं.

रंग सोडा, बाकीचं बघा

आता मुद्द्याची गोष्ट. ओळखीतला माणूस लांबून पाठमोरा चालला असला तरी आपण ओळखतो, त्याने आज कुठला शर्ट घातलाय ते न बघता. चालण्यावरून, खांद्यावरून, उंचीवरून. या दिवसांत पक्ष्यांशीही तसंच वागावं लागतं. चोच जाड की बारीक, शेपटी लांब की आखूड, पायांचा रंग काय, भुवईसारखी पट्टी आहे का, पंखावर आडवी फिकट रेघ आहे का (याला विंगबार किंवा पंखपट्टी म्हणतात), शेपूट वर-खाली करतो की पंख फडकवतो, जमिनीवर चालतो की उड्या मारतो, आणि आवाज. रंग सगळ्यात शेवटी.

सुगरण आणि चिमणीचं उदाहरण घ्या. पावसाळ्यात सुगरणीच्या नराचं डोकं हळदीसारखं पिवळं असतं तेव्हा कोणी चुकत नाही. पण वीण संपली, रिकामे खोपे बाभळीवर झुलत राहिले, की तेच नर मादीसारखे होतात आणि शेतात चिमण्यांच्या बरोबरीने दाणे टिपतात, लोक म्हणतात यंदा सुगरणी गेल्या कुठे. कुठे गेल्या नाहीत, समोरच आहेत. सुगरणीची चोच बघा, शंकूसारखी जाड, तिच्यासमोर चिमणीची किरकोळ वाटते, आणि शेपूट आखूड, त्यामुळे सगळा पक्षीच बुटका-गोळा दिसतो. चिमणीची शेपूट लांब.

गप्पीदासाच्या माद्या पण अशाच गोंधळात पाडतात. आपला इथलाच कवड्या गप्पीदास, त्याची मादी गडद तपकिरी, पाठ साधी, शेपटीच्या बुडाशी तांबूस. थंडीत पाहुणा येतो त्या गप्पीदासाची मादी जास्त फिकट आणि पाठीवर स्पष्ट रेघोट्या. माळावर तारेच्या कुंपणावर दोघी शेजारी बसलेल्या मिळाल्या तर पाच मिनिटं नुसतं बघत राहा, तेवढ्यात पक्कं होतं.

उजनीच्या चिखलातले धोबी

उजनी धरणाच्या काठच्या भिगवणला रोहित बघायला सगळे जातात, आणि होडीत बसायच्या आधी काठावरच्या चिखलात शेपट्या हलवत पळणाऱ्या धोब्यांकडे फार कोणी बघत नाही. तिथे एकाच ठिकाणी तीन-चार जातींचे धोबी असू शकतात आणि हिवाळी पोशाखात "काहीतरी करडं, काहीतरी पिवळं" इतकंच दिसतं.

इथे पाय बघा, खरंच पाय. करड्या धोब्याचे पाय फिकट गुलाबीसर, पिवळ्या धोब्याचे काळे. करड्याची पाठ पाटीसारखी राखाडी, शेपूट फारच लांब, आणि हिवाळ्यात त्याचा गळा पांढरा असतो, पुस्तकात दाखवलेला काळा नाही. नावात करडा असला तरी शेपटीखाली चांगला पिवळा असतो त्यामुळे नवीन माणूस त्याला हमखास पिवळा धोबी म्हणतो. पिवळ्या धोब्याची पाठ हिरवट झाक असलेली. तिसरा पिवळ्या डोक्याचा धोबी, त्याच्या कोवळ्या पोरांमध्ये कुठेच पिवळं नसतं, पण गालाभोवती फिकट कड अशी पूर्ण फिरून आलेली असते, फोटोला चौकट लावावी तशी, आणि पंखांवर दोन ठळक पांढऱ्या पट्ट्या. ती गालाची चौकट दिसली की दुसरं काही शोधू नका.

काळे-पांढरे दोन वेगळे. थोरला धोबी आपला कायमचा रहिवासी, डोकं काळं आणि त्यावर पांढरी भुवई, गळाही काळा. पांढरा धोबी थंडीचा पाहुणा, त्याचं तोंड पांढरं आणि उन्हाळ्यातला काळा गळा जाऊन छातीवर फक्त चंद्रकोरीएवढा काळा तुकडा उरतो.

सगळ्यात अवघड पेपर: पानांतले वटवटे

दहा ग्रॅमहून कमी वजनाचा, हिरवट, पानांच्या गर्दीत क्षणभरही न थांबणारा पक्षी. हिमालयातून आणि त्याच्याही पलीकडून हे येतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपासून आपल्या आंब्या-चिंचेत, सोसायटीतल्या झाडांत मुक्काम ठोकतात. यांच्यात नर-मादी सारखे, उन्हाळा-हिवाळा जवळपास सारखा, म्हणजे भडक पोशाखाची वाट बघण्यातही अर्थ नाही.

इथे कान वापरायचे. हिरवट वटवट्या दिवसभर "चि-स्वीट्" असं दोन तुकड्यांत, स्पष्ट ओरडत असतो, इतक्या छोट्या जिवाच्या मानाने फारच खणखणीत. एकदा हा आवाज डोक्यात बसला की शहराच्या भर ट्रॅफिकमध्येही तो ऐकू येतो. त्याच्या पंखावर सहसा एकच बारीक फिकट पट्टी असते. पण पट्टी म्हणजे पिसांच्या टोकाचा फिकट भाग, आणि झिजतं ते आधी टोकच. त्यामुळे ताज्या पिसांत पट्टी ठळक आणि झिजलेल्या पक्ष्यात अजिबात दिसत नाही असं होऊ शकतं. पट्टी दिसली तर पुरावा धरा, नाही दिसली तर लगेच निकाल देऊ नका. दोन पट्ट्या आणि राखाडीकडे झुकणारा रंग असेल तर ह्यूमच्या वटवट्याचा विचार करा, घाटातल्या जंगलात मोठ्या चोचीचा आणि डोक्यावर मधोमध फिकट रेघ असलेला दिसला तर पश्चिमी मुकुटवाल्याचा.

आणि एक जण जागेवरून ओळखू येतो. गंधकी पोटाचा वटवट्या. बाकीचे पानांत आणि हा खोडावर, कातळावर, गडाच्या पडक्या तटबंदीवर, खाली डोकं वर पाय कसाही सरपटत किडे शोधत असतो. पाठ तपकिरी, पोट पिवळं, भुवई पिवळी आणि डोळ्याच्या पुढे जास्त भडक, पंखावर पट्टी नाही. डेक्कनच्या किल्ल्यांवर थंडीत गेलात तर बुरुजाच्या दगडांकडे जरूर बघा.

"पण अ‍ॅप सांगतं की!"

हा प्रश्न येणारच. मर्लिनसारखं पक्षी ओळखणारं अ‍ॅप चांगलंच आहे, मी रोज वापरतो. पण अ‍ॅप सुचवतं, निकाल देत नाही. आवाजावरून ओळखायचं तर पक्ष्याने ओरडायला पाहिजे, आणि थंडीत बरेच पक्षी गात नाहीत, फक्त "चक्", "टिक्" करतात. झुडपातला ब्लिथचा वटवट्या आणि त्याचे दोन-तीन भाऊबंद सगळेच "चक्" करतात. अ‍ॅपने नाव दिलं की स्वतःला विचारायचं, मी या नावाची कुठली खूण डोळ्याने बघितली? एकही सांगता आली नाही तर ते नाव अजून आपलं झालेलं नाही.

"मग चांगला फोटो काढला की झालं ना?"

फोटोने मदत होते, पण फोटो रंगाच्या बाबतीत सर्रास फसवतो. पिंपळाखाली बसलेला प्रत्येक पक्षी हिरवा दिसतो कारण पानांतून गाळून आलेला उजेड हिरवा असतो, सकाळच्या कोवळ्या उन्हात प्रत्येक पांढरं पोट पिवळं होतं. म्हणून एकच सुंदर फोटो काढण्यापेक्षा चार साधे काढा: बाजूने, पाठीमागून शेपटीच्या बुडाचा, पायांचा आणि पंख उघडतानाचा. एकामागून एक. लाईक्स कमी मिळतील पण ओळख पटेल.

"नाव कळून फरक काय पडतो?"

पडतो. लाल छातीचा माशीमार आणि तैगा माशीमार, हे दोघं आधी एकाच जातीत धरले जायचे, नंतर त्या दोन वेगळ्या जाती मानल्या गेल्या. लाल छातीचा भारताच्या पश्चिम भागात जास्त, तैगा पूर्वेकडे जास्त, आणि विदर्भात दोघांचाही विचार करावा लागतो. तैगाच्या शेपटीच्या बुडावरची पिसं शेपटीपेक्षाही काळी कुट्ट आणि चोच पूर्ण काळी, लाल छातीवाल्याच्या खालच्या चोचीचं बूड फिकट. शिवाय पूर्ण वाढलेल्या लाल छातीवाल्या नराचा गळा थंडीतही लाल राहतो, तैगाच्या नराचा साधारणपणे राहत नाही. आता विचार करा, जुन्या वह्यांमधल्या ज्या नोंदींत फक्त "माशीमार, १" इतकंच लिहिलंय त्या आज कुठल्या जातीत टाकायच्या? कुठल्याच नाही. आणि ज्याने लिहून ठेवलं "चोच काळी, शेपटीचं बूड काळं, गळा पांढरा" त्याची नोंद आज इतक्या वर्षांनीही कामाला येते. कुठला पक्षी कुठपर्यंत येतो, कमी होतोय की सरकतोय, हे शेवटी अशाच साध्या माणसांनी लिहिलेल्या ओळींवरून कळतं. माझ्या शिंजिराच्या तीन वर्षांबद्दल मला वाईट वाटतं ते यामुळेच.

"आणि नाहीच ओळखता आलं तर?"

तर नाही ओळखता आलं असं लिहायचं. यात कमीपणा नाही, हे मी अगदी मनापासून सांगतो. हिवाळ्यात ज्वारीच्या शेतात भारीट येतात, काळ्या डोक्याचे आणि लाल डोक्याचे, मोठे थवे. नरांच्या डोक्यावरच्या रंगावरही थंडीत फिकट कडांचा पडदा असतो, पण ते तरी जमतात. त्यांच्या माद्या आणि कोवळी पोरं इतकी सारखी असतात की वर्षानुवर्षं पक्षी बघणारेही हात जोडतात. एकीच्या पाठीवर जराशी तांबूस झाक, दुसरीच्या कमरेवर जराशी पिवळट-हिरवी, आणि हे सगळं शंभर मीटरवरून, वाऱ्यात हलणाऱ्या कणसावर. ई-बर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवर, अशा वेळी "काळ्या किंवा लाल डोक्याचा भारीट" असा पर्याय मिळतो, पानांतल्या वटवट्यांसाठीही "जात नक्की नाही" असा मिळतो. तो मुद्दाम ठेवलेला आहे. वापरा. अंदाजाने ठोकलेल्या नावापेक्षा ती नोंद जास्त खरी आहे.

सुरुवात करायची असेल तर लांब जायची गरज नाही. घराजवळ फुललेला शेवगा, पांगारा, जास्वंद काहीही बघा आणि पट्टेवाला शिंजीर शोधा, आणि मग दर रविवारी त्याच झाडाखाली जाऊन वहीत त्याच्या पट्ट्याचं छोटं चित्र काढा, तारखेसकट. डिसेंबरात पट्ट्याच्या बाजूला काळे ठिपके उगवायला लागतात, पिवळ्यात शाई सांडल्यासारखे, काही दिवस तो अगदी चित्रविचित्र, अर्धा पिवळा अर्धा काळा दिसतो. आणि मग फेब्रुवारीच्या आसपास एखाद्या सकाळी तो शेंड्यावर बसून गात असतो, सगळा चमकता जांभळा, पुस्तकातल्या चित्रासारखा.